चाबकाच्या कुळातले इंग्रजी शब्द, लॅटिन मूळ धरून कसे लक्षात ठेवायचे

इंग्रजीत फटके मारण्याचे शब्द मोजायला बसलं तर संपता संपत नाहीत. फ्लॅजेलेट, फ्लॉग, फ्लेल, स्कर्ज, कॅस्टिगेट, चॅस्टाइज, फस्टिगेट, एक्सकोरिएट, आणि डिक्शनरी उघडली की बहुतेकांपुढे थोड्याफार फरकाने तेच, झोडपणे, कठोर शिक्षा करणे, कडक टीका करणे. त्यामुळे चार पर्यायांचा प्रश्न आला की चारही बरोबर वाटतात आणि लिहायला गेलं की भलताच शब्द भलत्या जागी बसतो. मला विचाराल तर यावर खात्रीचा उपाय एकच आहे, अर्थ पाठ करायच्या आधी हे शोधायचं की मूळ लॅटिन शब्दात मारणाऱ्याच्या हातात नेमकं काय होतं. चामड्याचा आसूड होता, झाडाचा फोक होता, का जाडजूड सोटा होता. ती वस्तू डोळ्यासमोर आली की शब्द किती जोराचा, कुठे शोभतो, कुठे नाही हे बऱ्यापैकी आपोआप कळतं.

पण त्याच्याही आधी एक गाळणी लावा, शब्द लॅटिनचा आहे तरी का. व्हिप, थ्रॅश, बीट, बर्च हे सगळे जर्मानिक घराण्यातले, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळात मोडतात त्यातले, त्यांच्यात लॅटिन शोधत बसू नका. व्हिप म्हणजे मुळात झटकन हलणं, झुलणं. संसदेतला व्हिप सुद्धा तिथलाच, शिकारीत कुत्र्यांचा कळप पांगू न देणाऱ्या माणसाला व्हिपर-इन म्हणायचे, त्यावरून पक्षाचे खासदार पांगू न देणारा तो व्हिप. थ्रॅश आणि मळणीचा थ्रेश हा एकच शब्द, दोन उच्चार झाले इतकंच. लॅश जरा फसवा आहे, फटका मारणे या अर्थाचा लॅश लॅटिन नाही, पण दोरीने करकचून बांधणे हा जो दुसरा लॅश आहे तो फ्रेंचमधून आलाय आणि त्याचं मूळ लॅटिन लाक्वेउस म्हणजे फास, बुटाची लेस पण त्याच फासातून आली. दिसायला एक शब्द, पण दोन वेगळी घरं.

आता लॅटिन हत्यारं. यांचा क्रम लक्षात ठेवायला रोमन कवी होरेसची एक जागा फार कामाची आहे. आपल्या एका उपरोधिक कवितेत तो म्हणतो की गुन्ह्याच्या मापाने शिक्षा हवी, जो नुसत्या स्कुतिकाच्या लायकीचा आहे त्याच्यावर भयंकर फ्लागेल्लुम घेऊन धावू नका, आणि लगेच पुढच्या ओळीत फेरुला येते, सगळ्यात हलकी. म्हणजे खालून वर फेरुला, स्कुतिका, फ्लागेल्लुम, आणि या सगळ्यांच्या फटक्यांना एकत्र शब्द वेर्बेरा. दोन-तीन ओळींत पूर्ण जिना मिळाला. यातल्या स्कुतिकाचं इंग्रजीत काही उरलं नाही, ती वादीची साधी चाबकी होती, तिला सोडून द्या. बाकी तिन्ही घ्या.

फेरुला ही खरं तर वनस्पती आहे, बडीशेपेच्या नात्यातलं एक उंच झाड, त्याचा वाळलेला दांडा आतून भुसभुशीत आणि वजनाला हलका, म्हणून तो पोरांच्या हातावर मारायला घ्यायचे, चटका बसतो पण हाड मोडत नाही. मार्शल नावाच्या कवीने या छड्यांना पोरं सांभाळणाऱ्यांचे राजदंड म्हटलंय. आणि ज्युव्हेनल हा दुसरा रोमन कवी आपण शाळा शिकलोय हे सांगताना म्हणतो, आम्हीपण छडीखालून हात मागे ओढलाय. इंग्रजीत याचा फेरूल झाला, शाळेतली छडी किंवा सपाट पट्टी, जुन्या कादंबऱ्यांत भेटतो. इथे स्पेलिंग जपा, छडीवाल्या फेरूलमध्ये आर एक. काठीच्या किंवा छत्रीच्या टोकाला जी धातूची टोपी असते तिच्या स्पेलिंगमध्ये आर दोन, आणि तो शब्द बांगडी या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलाय, छडीशी त्याचं काही नातं नाही.

फ्लागेल्लुम हे या कुळाचं मोठं घर. मूळ शब्द फ्लाग्रुम म्हणजे चाबूक, त्याचं लहानपण दाखवणारं रूप फ्लागेल्लुम, अर्थाने छोटा चाबूक, पण वर बघितलंत ना, होरेस त्यालाच भयंकर म्हणतो, तेव्हा रूप लहान म्हणून मार हलका असं समजू नका. याच शब्दाचा आणखी एक अर्थ होता, वेलीचा कोवळा लांब फुटवा. लांब, लवचिक, टोकाकडे बारीक होत जाणारं काहीही, हे चित्र पक्कं डोक्यात बसवा कारण पुढचं सगळं त्यातून निघतं.

एक फांदी थेट माराची. फ्लॅजेलेट म्हणजे चाबकाने मारणे, फ्लॅजेलेशन म्हणजे ती क्रिया, आणि फ्लॅजेलंट म्हणजे स्वतःला चाबकाने मारून घेणारा. यातला फ्लॅजेलंट इतिहासाशिवाय नीट कळत नाही. 1260 साली इटलीत पेरुजियाहून अशा मिरवणुका सुरू झाल्या, लोक पापाचं प्रायश्चित्त म्हणून उघड्या पाठीवर फटके मारून घेत गावोगाव जायचे, आणि मग 1348-49 मध्ये प्लेगची मोठी साथ आली तेव्हा ही लाट परत उसळली, साडेतेहतीस दिवसांचा फेरा असायचा, येशूच्या आयुष्याच्या वर्षांवरून. ऑक्टोबर 1349 मध्ये पोप सहाव्या क्लेमेंटने फतवा काढून याला बंदी घातली. म्हणून आजही फ्लॅजेलेट हा शब्द धार्मिक प्रायश्चित्ताच्या आसपास जास्त दिसतो, आणि सेल्फ-फ्लॅजेलेशन म्हणजे स्वतःच स्वतःला दोष देत राहणे, मनाला कोरडे ओढत राहणे. रोजच्या इंग्रजीत तुम्हाला हाच अर्थ जास्त लागेल. जाता जाता, डिसिप्लिन या आपल्या ओळखीच्या शब्दाचा एक अर्थ मठातले साधू स्वतःला मारून घ्यायला वापरायचे तो दोरीचा छोटा चाबूक असाही आहे, जुन्या मजकुरात कोणी डिसिप्लिन हातात घेतली असं वाचलंत तर गोंधळू नका, तिथे खरोखर वस्तूच आहे.

दुसरी फांदी शेताची. नंतरच्या लॅटिनमध्ये फ्लागेल्लुम म्हणजे मळणीत धान्य झोडपायचं अवजार, आणि तोच इंग्रजीत फ्लेल झाला. हे अवजार नीट बघा: एक लांब दांडा हातात, त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने किंवा साखळीने अडकवलेला दुसरा आखूड दांडका, हातातला दांडा फिरवला की तो दुसरा सैल दांडका गरकन वरून येऊन धान्यावर आदळतो. तो सैल भाग हाच अर्थाचा जीव आहे. म्हणून आर्म्स फ्लेलिंग म्हणजे हात जोरात पण ताब्यात नसल्यासारखे चहूकडे फिरणे, बुडणारा माणूस हातपाय झाडतो ना तसं. नेम धरून मारलेल्या ठोशाला फ्लेल म्हणत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा शर्मन क्रॅब नावाचा रणगाडा होता, पुढे फिरत्या रोलरला साखळ्या लावलेल्या, त्या जमिनीवर आपटून सुरुंग आधीच उडवायचे, 1944 च्या नॉर्मंडीच्या लढाईत तो वापरला, आणि असल्या यंत्राला फ्लेल टँकच म्हणतात, अगदी मळणीतला शब्द उचलून.

तिसरी फांदी बायोलॉजीची, विद्यार्थ्यांना हीच आधी माहीत असते. पेशीची शेपटी म्हणजे फ्लॅजेलम, अनेकवचन फ्लॅजेला, एस लावायचा नाही. क्लॅमिडोमोनास या शेवाळाला दोन असतात, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीला आठ, आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांच्या नावात पुढचा तुकडा ग्रीक, गरगर फिरणं या अर्थाचा, मागचा लॅटिन. एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते, शुक्राणूची शेपटी खरोखर चाबकासारखी वळवळते पण बॅक्टेरियाची तशी नाही, ती बुडाशी असलेल्या मोटरवर पंख्यासारखी गोल फिरते, हे 1973-74 मध्ये दाखवलं गेलं. नाव चाबकाचं पडलं ते दिसण्यावरून, काम वेगळंच निघालं, त्यामुळे उत्तरपत्रिकेत बॅक्टेरिया फ्लॅजेलम फटकारतो असं लिहू नका.

फ्लॉग पण याच घरातला धरतात, फ्लागेल्लारे या लांब क्रियापदाचा शाळकरी पोरांनी केलेला तुकडा असावा असं बऱ्याच डिक्शनऱ्या म्हणतात, पण पक्की सही कोणी करत नाही. वापर मात्र स्पष्ट आहे, फ्लॉगिंग ही शिक्षा म्हणून अधिकाऱ्याने द्यायची गोष्ट, सैन्य, जहाज, तुरुंग, शाळा. ब्रिटिश सैन्यातली फटक्यांची शिक्षा 1881 मध्ये बंद झाली. ब्रिटिश बोलीत फ्लॉग म्हणजे विकणे असाही अर्थ आहे, बहुधा माल खपवण्याचा, त्यामुळे एखादा आपली जुनी सायकल फ्लॉग करतोय असं वाचलं तर सायकलला मार पडत नाहीये.

आता स्कर्ज. उच्चारातच बरेच जण अडकतात, स्पेलिंगमध्ये ओ-यू असलं तरी स्कोर्ज किंवा स्कूर्ज नाही, स्कर्ज. लॅटिन कोर्रिगिया म्हणजे चामड्याची वादी, बुटाचा बंद, त्याच्याआधी एक्स लागून फटके मारण्याचं क्रियापद तयार झालं आणि फ्रेंचमधून घासत घासत स्कर्ज बनला. अर्थाने चाबूक, पण आज चाबूक या अर्थाने क्वचितच, आज स्कर्ज म्हणजे लोकांच्या पाठीवर पडणारं मोठं संकट, साथ, दुष्काळ, अत्याचारी राजा. हूण टोळ्यांचा राजा अटिला याला देवाचा चाबूक म्हणत, लॅटिनमध्ये फ्लागेल्लुम देई, इंग्रजीत तोच स्कर्ज ऑफ गॉड. नियम सोपा आहे, एका माणसाची वैयक्तिक अडचण म्हणजे स्कर्ज नाही, पूर्ण समाज किंवा प्रदेश भोगतोय तेव्हाच हा शब्द काढा. द स्कर्ज ऑफ मलेरिया बरोबर, माझ्या सर्दीला स्कर्ज म्हणणं अति होईल.

प्लेग इथेच घेऊन टाकू. लॅटिन प्लागा म्हणजे घाव, फटका. वरून बसलेला दैवी फटका, त्यावरून साथ, त्यावरून आजाराचं नाव. होरेस आपल्या ऑर्बिलियस नावाच्या मास्तरला प्लागोसुस म्हणतो, म्हणजे फटकेबहाद्दर, तो हाच शब्द. आणि याच मुळाचं क्रियापद प्लांगेरे, मारणे, त्यातून दुःखाने ऊर बडवणे, त्यातून आक्रोश. आता बघा किती शब्द एका झटक्यात उलगडतात, कम्प्लेन म्हणजे ऊर बडवून सांगणे, प्लेंटिफ म्हणजे कोर्टात गाऱ्हाणं घेऊन येणारा, प्लँजंट म्हणजे काळीज हलवणारा घुमता आवाज. मला या सबंध विषयातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे, कारण कम्प्लेनसारख्या रोजच्या, गुळगुळीत झालेल्या शब्दात छातीवर पडलेला हात अजून शिल्लक आहे.

वेर्बेर म्हणजे चाबूक किंवा त्याचा फटका, बहुतेक वेळा अनेकवचनात वेर्बेरा. क्रियापद वेर्बेरारे, मारणे, आणि रे लागलं की मारून परत पाठवणे, रेवेर्बेरारे. रिव्हर्बरेट हा तोच, आवाज भिंतीवर आदळतो, भिंत त्याला फटका मारून मागे लोटते, तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथूनही परत. म्हणून रिव्हर्बरेट म्हणजे नुसता मोठा आवाज नाही, घुमत राहणारा. रेकॉर्डिंगवाले ज्याला रिव्हर्ब म्हणतात तो याचाच तुकडा, आणि हॉलची घुमण्याची वेळ मोजतात ती आवाज 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ धरून. भट्टीतही हा शब्द आहे, रिव्हर्बरेटरी फर्नेसमध्ये ज्वाला आणि उष्णता छतावर आपटून खालच्या धातूवर परत येते. बातमी, निर्णय, घोटाळा यांनाही लागतो, एखाद्या निर्णयाचे पडसाद उमटत राहिले की तो रिव्हर्बरेट झाला. पूर्ण यादीतला एकच शब्द स्वतःच्या लिखाणात घ्यायचा असेल तर हा घ्या, सगळीकडे चालतो.

काठ्यांकडे वळू. बारीक हिरवा फोक म्हणजे विर्गा. रोमन अधिकाऱ्यांच्या पुढे लिक्तोर नावाचे शिपाई चालायचे, कॉन्सल या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे बारा, खांद्यावर अशा फोकांची मोळी, त्यात कुऱ्हाड, म्हणजे फटके देण्याचा आणि डोकं उडवण्याचा अधिकार चालताना दिसायचा. मोळीला फास्केस म्हणायचे, आणि मुसोलिनीच्या पक्षाचं फॅसिझम हे नाव त्याच मोळीच्या इटालियन शब्दातून निघालं. रोमन नागरिकाला मात्र असे फटके सहज मारता यायचे नाहीत, पोर्सियन कायद्यांनी त्याला संरक्षण होतं, म्हणून बायबलमध्ये पॉल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाला चाबकासाठी बांधतात तेव्हा तो एवढंच विचारतो की खटला न चालवता रोमन नागरिकाला फटके मारणं कायद्यात बसतं का, आणि अधिकारी घाबरतो.

विर्गाचे इंग्रजी वंशज शांत स्वभावाचे आहेत. व्हर्जर म्हणजे चर्चमध्ये दंड घेऊन पुढे चालणारा. व्हर्ज म्हणजे आधी तो अधिकाराचा दंड, मग त्या दंडाची सत्ता जिथपर्यंत चालते तो टापू, इंग्लंडच्या राजदरबाराभोवती तो बारा मैलांचा धरायचे, मग त्या टापूची हद्द, आणि शेवटी कुठलीही कड. ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स म्हणताना आपण त्या दंडाच्या हद्दीवर उभे असतो. टायपिंगमधल्या तिरक्या रेघेला व्हर्ग्यूल म्हणतात, अर्थ छोटी काडी. आणि ढगातून खाली लोंबणाऱ्या पण जमिनीवर पोचायच्या आत वाफ होणाऱ्या पावसाच्या रेघांना हवामानवाले सरळ व्हर्गाच म्हणतात, लांबून त्या फोकांसारख्याच दिसतात.

जाड सोटा म्हणजे फुस्तिस. याचा मार खेळ नव्हता, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की रात्रीच्या पहाऱ्यात कसूर केलेल्या सैनिकाला अधिकारी सोट्याने नुसता स्पर्श करायचा आणि मग पूर्ण छावणी त्याच्यावर काठ्या-दगड घेऊन तुटून पडायची, बहुतेक जण तिथेच मरायचे. इंग्रजी फस्टिगेट म्हणजे सोट्याने बदडणे, आता जास्त करून लेखात एखाद्याला झोडपणे. खरं सांगायचं तर हा शब्द ओळखता आला की पुरे, वापरू नका, वाचणारा अडखळतो.

टीकेचे शब्द एकमेकांत मिसळतात ते असे वेगळे करा. कॅस्टिगेट हा कास्तुस म्हणजे शुद्ध आणि आगेरे म्हणजे करणे यातून, शुद्ध करणे, म्हणून त्यात सुधारण्याचा सूर असतो, चूक दाखवून कडक शब्दांत कानउघाडणी, तीही औपचारिक, सहसा वरच्याने किंवा जाहीरपणे केलेली. चॅस्टाइज त्याचाच भाऊ, हा शिक्षेलाही चालतो, पोराला आई चॅस्टाइज करेल. चेसन सगळ्यात मऊ, यात टी उच्चारायचा नाही, अपयशाने माणूस शहाणा आणि नरम झाला की तो चेसन झाला, इथे मारणारा माणूस लागतच नाही, अनुभव पुरतो. एक्सकोरिएट मात्र सगळ्यात जहाल, कोरियुम म्हणजे कातडं, एक्स म्हणजे बाहेर, सालटी काढणे, सुधारणा वगैरे काही नाही. डॉक्टर लोक खाजवून सोललेल्या त्वचेला आजही एक्सकोरिएशनच म्हणतात. म्हणजे बॉसने चूक समजावून झापलं तर कॅस्टिगेट, समीक्षकाने नाटकाच्या चिंधड्या केल्या तर एक्सकोरिएट.

इथे शेपटाकडे पण लक्ष द्या, इगेट या शेवटात बऱ्याचदा आगेरे लपलेलं असतं. नॅव्हिगेट, जहाज हाकणे. फ्यूमिगेट, धुरी देणे. लिटिगेट, खटला चालवणे. मिटिगेट, सौम्य करणे. पण डोळे झाकून विश्वास नको, इन्व्हेस्टिगेटमध्ये पाऊलखुणेचा शब्द आहे आणि इरिगेटमध्ये पाणी देण्याचं स्वतंत्र क्रियापद.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी व्हॅप्युलेट. लॅटिन वापुलारे, गंमत अशी की क्रियापदाचं रूप मारणाऱ्याचं आणि अर्थ मार खाण्याचा, व्याकरणाचे मास्तर हा खास उदाहरण म्हणून द्यायचे. इंग्रजीत तो जवळजवळ मेलेला आहे, कोड्यात भेटेल.

सगळ्यात शेवटी खोटे नातेवाईक तपासा, कारण ही पद्धत वापरणारा माणूस इथेच फसतो, दिसायला सारखं दिसलं की लगेच नातं जोडतो. फ्लेग्रंट चाबकाचा नाही, तो फ्लाग्रारे म्हणजे जळणे यातून, कॉन्फ्लॅग्रेशन त्याचा सख्खा, उघड्यावर धगधगणारा गुन्हा म्हणून फ्लेग्रंट. व्हर्बल वेर्बेरचा नाही, तो वेर्बुम म्हणजे शब्द यातला. कन्व्हर्ज, डायव्हर्ज यांचा काठीवाल्या व्हर्जशी संबंध नाही, ते वळणे-कलणे या अर्थाच्या वेर्गेरेमधून. स्कर्जच्या वादीला करेक्टशी जोडू नका, स्पेलिंग जवळ असलं तरी करेक्ट सरळ करण्याच्या क्रियापदातून आलाय. बीट आणि बॅटर जुळे वाटतात, पण बीट जर्मानिक आणि बॅटर लॅटिन बात्तुएरेचा, बॅटल, कॉम्बॅट, डिबेट, रिबेट सगळे त्याच्याकडचे. शंका आली की डिक्शनरीत अर्थाच्या खाली बारीक अक्षरात जो व्युत्पत्तीचा भाग असतो तो उघडा आणि फक्त सगळ्यात जुना लॅटिन शब्द बघा, फ्लाग्रुम आहे की फ्लाग्रारे, वेर्बेर आहे की वेर्बुम, एका अक्षराने घर बदलतं.